दगडी कासवाचा मणका

नदीकाठच्या जंगलात राहणाऱ्या एका कोल्ह्याला जुन्या हाडांची भारी पारख होती. "फार फार वर्षांपूर्वी या नदीत वेगळीच कासवं होती," असे तो भेटेल त्याला सांगे. "आताची कासवं मान सरळ आत ओढतात. तेव्हाची मात्र मान बाजूला मुडपून कवचाच्या कडेखाली ठेवायची!" ऐकणारे हसत. पुरावा मागत. मुलांनो, मानेच्या एका मणक्यासाठी त्याने उभा जन्म दरड उकरण्यात घालवला होता. पण हाती लागले ते फुटक्या कवचाचे तुकडे.

आणि झाले काय, तर शेजारच्या साळिंदराने बीळ खणता खणता त्याच दरडीतून अख्खे कासव बाहेर काढले! साळिंदराला हाडे कुरतडायची सवय. पण या हाडाला दात लावताच त्याचे दात शिवशिवले, कारण हाडाचा पार दगड झाला होता. सारे जंगल बघायला लोटले. नदीतली म्हातारी कासवीणही वर आली. तिने विचारले, "काय रे, हे आमच्याच घराण्यातलं का?"

"नुसत्या कवचावरून मला नाही सांगता येणार, आजी," साळिंदर म्हणाले. "मानेचा मणका या मातीच्या गोळ्यात अडकलाय. तो बघून उद्या संध्याकाळी सांगतो."

कोल्ह्याच्या पोटात दुखू लागले. "जन्मभर माती उकरली मी, आणि कौतुक या काटेरी बोजडाचं?" त्या दिवशी त्याला अन्न गोड लागले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साळिंदर झोपलेले पाहून त्याने मातीचा गोळा उचलला आणि आत धड न बघताच नदीच्या डोहात फेकून दिला. त्या जागी त्याने स्वतः परवा खाल्लेल्या कासवाचा मणका चिखलाने माखून ठेवला.

संध्याकाळी सगळे जमले. साळिंदराने सवयीने मणक्याला दात लावला, तो दात आत रुतले. "अरे, हे हाड तर ताजं आहे!"

"ताजं?" कासवीण कडाडली. "आमच्यातलं कोण खाल्लं, कुणी खाल्लं?" साऱ्यांच्या नजरा कोल्ह्याकडे वळल्या.

साळिंदर हळहळून म्हणाले, "कोल्होबा, खऱ्या मणक्याची एक बाजू मी सकाळीच मोकळी केली होती. मान बाजूला मुडपायचा सांधा अगदी स्पष्ट दिसत होता. तुमचंच म्हणणं खरं होतं. आज सर्वांसमोर तेच सांगणार होतो आणि त्या कासवाला तुमचं नाव देणार होतो."

कोल्हा धावत डोहाच्या काठी गेला. तिथे पाणी खोल होते. त्याने कासविणीपुढे हात जोडले, "आजी, तेवढा मणका वर आणून द्या हो!"

"त्या तळाशी आमच्याशिवाय कुणी पोचत नाही," कासवीण म्हणाली, "आणि तुझ्यासाठी आमच्यातलं कुणी जाणार नाही." एवढे बोलून ती पाण्यात दिसेनाशी झाली.

तात्पर्य : मत्सराने पेटलेला दुसऱ्याचे यश नासवतो, तेव्हा त्या यशात आपलाही वाटा होता का, हे तो पाहत नाही.