कुलपातल्या हलग्या आणि धुरपदाचा साकव

ही गोष्ट माझ्यासारखी रंगवून या पंचक्रोशीत कुणाला सांगता येत नाही. येत होती अशा दोघी होत्या, त्या वारल्या, म्हणून माझा पहिला नंबर.

तर फार पूर्वी, तुमच्या खिशात ते चकाकतं यंत्र यायच्या आधी, एका डोंगरी राज्यात निरोप हलगीवर जायचा. एका गावानं वाजवली की पुढच्यानं ऐकायची आणि तशीच पुढं वाजवायची. खरं का खोटं, हे विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

एकदा कुण्या टवाळानं ठोकून दिलं, "वाघ सुटलाय!" (मी नव्हे. माझा जन्म व्हायचा होता.) सात गावं पळत सुटली. चेंगराचेंगरीत दोघांचे पाय मोडले. राजानं हुकूम काढला, "संकट टळेपर्यंत सगळ्या हलग्या माझ्या कोठारात!" कुलूप लागलं. गडबड दोन दिवसांत निवली. इथवर राजाचं काही चुकलं नाही, उगाच त्याला नावं ठेवू नका.

दहाव्या दिवशी प्रधान म्हणाला, "महाराज, हलग्या आता सोडायच्या का?"

"राहू द्या हो. बघा ना, दहा दिवसांत एकही तक्रार आली नाही. प्रजा इतकी सुखी कधी होती का?"

तक्रारीही हलगीवरच यायच्या, हे राजाच्या ध्यानात आलं नाही. प्रधानाच्या आलं असावं, पण त्याला नोकरी टिकवायची होती.

ओढ्यापलीकडच्या डोंगरावर धुरपदा नावाची बाई राहायची. ओढ्यावरचा साकव, म्हणजे तीन ओंडक्यांचा पूल, राखायचं काम तिचं. एक ओंडका वाळवीनं पोखरला, तशी ती जपून पाय टाकत दरबारात आली.

"महाराज, एक ओंडका द्या. रान तुमचं, मला फांदी तोडायची बंदी. आणि आमच्या गावची हलगी द्या. साकव पडला तर इकडं यायला दुसरी वाट नाही."

"ओंडका देऊ महिन्याभरानं. हलगी मात्र नाही. उद्या परत वाघ सुटला म्हणजे?"

"वाघ सुटलाच नव्हता, महाराज."

"तेच तर!" राजा म्हणाला. दरबारानं माना डोलावल्या.

धुरपदा परत गेली. पंधरा दिवसांत उरलेले दोन्ही ओंडके पोकळ झाले. वरून साल शाबूत, आत नुसता भुगा.

आणि नेमका राजा पलीकडच्या जत्रेला निघाला. धुरपदानं लांबून पाहिलं. जीव तोडून ओरडली, पण ओढा धो धो वाहत होता. तिनं दोन्ही हात हलवले. राजाला वाटलं, स्वागत! त्यानंही हसून हात हलवला आणि साकवावर पाय ठेवला.

मधोमध कडाड! राजा, मुकुट, सगळं पाण्यात. धुरपदानं कमरेला दोर बांधून उडी टाकली आणि राजाला केसांना धरून आपल्या काठावर ओढलं. साकव वाहून गेला. अलीकडच्या काठावर प्रधान नुसता हातवारे करत राहिला.

घोंगडीत कुडकुडत राजा म्हणाला, "बाई, शहाणा झालो. तात्पर्य ऐक: संकटात हलग्यांना कुलूप लावणाऱ्यानं ते निघणार कधी, तो दिवस लावतानाच सांगावा, आणि गप्प बसवलेल्या प्रजेला सुखी समजू नये. सगळ्या हलग्या आत्ताच्या आत्ता सोडा, हा माझा हुकूम!"

धुरपदा चूल फुंकत म्हणाली, "हुकूम झकास आहे, महाराज. पण पलीकडं कळवणार कशावर?"