तिरीने टोळी कुठवर नेली

माणूस शिकारीमागे रानोमाळ भटकत होता, तेव्हाची ही गोष्ट. करडा नावाच्या म्होरक्याच्या टोळीत एक रिवाज होता. ज्याला हरणं सापडतील त्याने पुढे चालायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागे. दरवेळी हरणं करड्यालाच सापडत, त्यामुळे त्याची मान जरा ताठच असे.

यंदा टोळीतल्या तिरीने नदीकाठी सातूचे दाणे मातीत पेरले. कोंब वीतभर वर आले आणि करडा म्हणाला, "उठा, निघायचं."

"सातू पिकेपर्यंत थांबू या की," तिरी म्हणाली.

"गवतासाठी थांबायचं? बरं, यंदा हरणं तू शोध. मग तू नेशील तिथे आम्ही येऊ!"

"चालेल," म्हणून तिरी झुडपाआड जाऊन बसली. सगळे हसले, पण पुढे काय होतं ते बघायला तेही बसले.

दिवस कलला आणि कोवळ्या सातूच्या ओढीने हरणांचा कळप आपणहून काठावर आला. करड्याने पहिल्यांदाच न पळता शिकार केली.

"सापडली ना हरणं? आता चला माझ्या मागे."

करड्याने बोचकं उचललं. "कुठवर?"

तिरी चार पावलं चालली आणि सातूच्या कडेला मांडी घालून बसली.

"इथवर."