भामेच्या तीन भिंगांची कहाणी

ऐका उजेडाई, तुमची कहाणी. तांदूळ हातात घ्या, मागच्या बायांनी पुढं सरका, आणि ती कुजबुज जरा थांबवा.

एक आटपाट नगर, खाडीच्या कुशीतलं. हवा इतकी दमट, की मिठाच्या बरणीला पाणी सुटे, पापड कढईपर्यंत पोचेतो मऊ पडे. त्या नगरात भामा नावाची फोटो काढणारी होती. नवरा गलबतावर असे. त्यानं दूरदेशाहून तिला कॅमेरा आणला. कॅमेरा एक, त्याला भिंगं तीन. एक लांबचं बघे, एक जवळचं बघे, एक सगळं अंगण एका नजरेत घेई. हवं ते बसवावं, नको ते काढावं. भामेचा हात असा, की रुसलेली विहीणसुद्धा फोटोत गोड दिसे. नगरात तिचं नाव झालं, दोन्ही वेळा चूल पेटू लागली.

मग सासू म्हणाली, "सूनबाई, हे आपल्या पोटाचं साधन. काम झालं की त्याची पूजा करत जा." भामा सासूच्या शब्दाबाहेर नव्हती. काम झालं की कॅमेऱ्याला हळद लावी, कुंकू लावी, निथळतं झेंडूचं फूल वाही. मग त्याला मखमली पिशवीत घाली, पिशवी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवी, वर चार डांबरगोळ्या टाकी. भिंगांची झाकणं कुठं पडली, ठाऊक नाही. आतली बॅटरी काढावी, हे मनातही नाही. हसू नका बायांनो, तुमच्या कपाटांत काय काय कोंबलंय ते मला माहीत आहे.

पावसाचे चार महिने गेले. कामं नव्हती, ट्रंक उघडली नाही. मग बारसं आलं. फोटोत बाळ दिसेना, धुकं दिसे. मग मुंज आली. बटू दिसेना, धुकं दिसे. मग लग्न आलं. नवरा दिसेना, नवरी दिसेना, धुकं दिसे. लोक म्हणाले, भामेचा हात गेला. कुणी म्हणालं, तिला माज चढला. बोलावणी बंद झाली.

त्या नगराच्या राणीला एकच लेक, चंद्रावळ. तिला समुद्रापार दिली होती. बारा वर्षं माहेरी पाठवणार नाही, असा सासरचा शब्द. राणीनं भामेला बोलावलं. म्हणाली, "लोक काय बोलतात ते मी ऐकलंय. पण या नगरात दुसरं कोण आहे? महिन्यानं लेक गलबतात बसेल. तिचं तोंड मला कागदावर दे. चुकलीस तर पुन्हा काढायला लेक इथं नसेल." भामा तोंडानं हो म्हणाली, आतून खचली.

घरी आली, ट्रंक उघडली, भिंग उजेडाला धरलं. शिळ्या भाकरीवर धरते तशी पांढरी बुरशी आत पसरलेली. दुसरं पाहिलं, तेच. तिसरं पाहिलं, तेच. बॅटरी फुगून अडकलेली. भामा रडू लागली. "एवढी पूजा केली, त्याचं हे फळ?"

धर्मशाळेच्या पायरीवर एक म्हातारी घड्याळं नि चष्मे दुरुस्त करी. भामा भिंगं पदरात घेऊन तिच्याकडं गेली. म्हातारीनं बघितलं आणि म्हणाली, "बये, पूजा केलीस, राखण केली नाहीस. ओलं फूल, ओली हळद, बंद पिशवी! तू बुरशीचं माहेरपण केलंस की गं."

"आजी, उपाय सांगा."

"उजेडाईचा वसा सांगेन. पण चार दिवस करशील, कंटाळशील, सोडून देशील."

"कंटाळणार नाही, विसरणार नाही, धरलेलं सोडणार नाही."

"तर ऐक. काम झालं की भिंग उतरव. कॅमेऱ्याच्या तोंडाला झाकण, भिंगाला पुढं झाकण, मागं झाकण. रबरी फुग्यानं धूळ उडव. तोंडानं फुंकू नकोस, थुंकी उडते. बॅटरी काढून वेगळी ठेव. घट्ट झाकणाचा डबा घे, त्यात कॅमेरा नि भिंगं ठेव, शेजारी निळ्या दाण्यांची पुरचुंडी ठेव. दाणे ओल पितात, गुलाबी होतात. मग जुन्या तव्यावर मंद आचेला भाज. निळे झाले, निवले, की पुन्हा डब्यात. त्या तव्यावर मात्र भाकरी टाकू नकोस. दर रविवारी कॅमेरा बाहेर घे, चार वेळा बटण दाब, पुन्हा निजव."

"आणि उद्यापन?"

"दुसरीला शिकव."

मग म्हातारीनं भिंगं खोलली, पुसली. लांबचं साफ झालं. अंगणाचं साफ झालं. जवळचं काही केल्या होईना, बुरशीनं काचच खाल्ली होती. भामेच्या जिवाला चटका बसला. "तोंड काढायचं तेच गेलं, आजी!" म्हातारी म्हणाली, "लांबचं आहे ना? चार पावलं मागं सरक."

भामेनं अडकलेली बॅटरी म्हातारीकडून काढून घेतली, नवी आणली, वसा सुरू केला. पहिल्या आठवड्यात सासू रुसली. "फूल नाही, कुंकू नाही, डब्यात कोंडलास देव!" दुसऱ्या आठवड्यात अबोला धरला. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच डब्यात डोकावली नि म्हणाली, "सूनबाई, दाणे गुलाबी झालेत. तवा ठेवू का?"

पाठवणीचा दिवस उजाडला. ताशे वाजले. चंद्रावळ सकाळपासून रडत होती, डोळे सुजले होते. राणी तबक घेऊन आली. ओलं कुंकू बोटावर घेतलं नि म्हणाली, "आधी यंत्राला." बोट कॅमेऱ्याकडं गेलं. भामेनं राणीचा हात धरला! दिवाणजी दचकले, ताशे थांबले.

"बाईसाहेब, कुंकू मला लावा. ह्याला कोरडं राहू द्या."

राणीनं बोट मागं घेतलं. मग तिनं भामेचं कपाळ चांगलं मळवटासारखं भरलं. नाकावर कुंकू, भुवईवर कुंकू! ते ध्यान बघून चंद्रावळीला रडता रडता हसू फुटलं. भामा चार पावलं मागं सरकली नि बटण दाबलं.

गलबत गेलं. राणीनं अन्न सोडलं. एक दिवस झाला, दोन झाले, तिसऱ्या दिवशी भामा फोटो घेऊन आली. धुकं नाही, डाग नाही. पापणीचा केस न् केस वेगळा, गालावर थेंब, आणि ओठांवर हसू. राणीनं तो उराशी धरला. "मला वाटत होतं, माझी लेक रडत गेली. अगं, ही तर हसत गेली!" असं म्हणाली, आणि पान वाढायला सांगितलं.

मग भामेला शेला मिळाला, पालखी मिळाली. ज्यांनी नावं ठेवली, त्यांनीच दारात रांग लावली. भामेनं त्यांच्या सुनांना वसा शिकवला, उतली नाही, मातली नाही.

उजेडाई जशी भामेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. काचा निर्मळ राहोत, लेकी हसत नांदोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत आवरली, ऐकणारीला फळली, सांगणारीला पुरली. टाका तांदूळ.