बावीस जणांशी सामना

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा असतो आणि तालमीत शब्द चालतो तो जुन्या खेळाडूंचा. दगडी वेस तालमीचे अध्यक्ष आप्पा सरनोबत हे एके काळचे कप्तान. भिंतीवरच्या त्यांच्या संघाच्या जुन्या फोटोत मधोमध कप घेऊन बसलेत ते आप्पाच. फायनलला निघताना पोरांनी त्या फोटोच्या पाया पडायचं आणि आप्पांच्या हातून तालमीचा झेंडा घ्यायचा, ही रीत.

त्या दिवशी पोरं पाया पडली, पण आप्पांनी झेंडा काही सोडला नाही.

"आमच्या वेळचा एकेक गडी म्हणजे वाघ! अनवाणी खेळायचो आम्ही. तुमच्यातला एक तरी ह्या फोटोत बसंल काय? त्याचं नाव सांगा, मग झेंडा न्या."

बाहेर हलगी वाजत होती. कप्तान इंद्रजित इंगवले पुढं झाला.

"एकबी बसणार न्हाई, आप्पा. पण तुमचं एक बरं होतं. तवा ही भिंत मोकळी होती. तुम्हाला फक्त समोरच्या अकरा जणांशी खेळायला लागायचं. आमच्यासमोर ते अकरा, वर ह्या फोटोतले अकरा. हरलो तर तुमचं नाव घालवलं, जिंकलो तरी तुमची सर येत न्हाई. बावीस जणांशी खेळत फायनलला आलोय आम्ही!"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग उठून फोटो खिळ्यावरून काढला, काखेत धरला आणि झेंडा इंद्रजितच्या हातात दिला.

"जा लेका. ह्या अकरा जणांना मी धरून बसतो. समोरच्या अकरांचं तेवढं तुम्ही बघा!"