थंड ब्रेकची परीक्षा

कोल्हापुरातल्या एका मोटार क्लबचे अध्यक्ष रणधीरराव खाडे यांनी घाटातल्या सहलीआधी फर्मान काढलं, "प्रत्येक गाडीला रेसचेच ब्रेक पॅड पाहिजेत. माझी गाडी बघा, दोनशेच्या वेगातून जागच्या जागी थांबते!"

नुकतीच क्लबसाठी रेस जिंकून आलेली देवयानी इंगवले उठली. "रेसला मीही तेच पॅड लावते, तापून उकळणार नाही असं ब्रेक ऑइल भरते. पण रस्त्यावर साधेच पॅड बरे, काका."

"तू मला शिकवणार?"

"नाही. उद्या सकाळी शेडमधून गाड्या काढू, चाळीसच्या वेगात येऊ आणि चुन्याच्या रेषेवर ब्रेक मारू. तुमची गाडी आधी थांबली, तर मी क्लब सोडते."

थंडीत सगळा क्लब गोळा झाला. देवयानीची साध्या पॅडची गाडी रेषा ओलांडून थोड्याच अंतरावर थांबली. रणधीररावांनी पाय दाबला, आणखी दाबला, तरी गाडी तिच्या पुढे गेली आणि पुढं मांडून ठेवलेल्या रिकाम्या डब्यांची रांग आडवी करूनच थांबली.

"पॅड अजून तापले नव्हते!" ते ओरडले.

"तेच सांगतेय, काका. अंग तापल्याशिवाय पैलवान डाव टाकत नाही, हे खरं. पण रस्त्यात आडवी आलेली म्हैस तुमचे पॅड तापेपर्यंत थांबेल का?"

हशा पिकला. रणधीररावही हसले आणि म्हणाले, "घाटात सगळ्यांच्या पुढं हिचीच गाडी राहील. आमच्या क्लबची पोरगी आहे!"