हिरामणमामाची शिकवणी

एका गावात एक भोळा मामा होता. तसे भाच्यांपुढे सगळेच मामा भोळे असतात. पण हिरामणमामा भाचे समोर नसतानाही भोळाच होता.

त्याच्या थोरल्या बहिणीचं नाव शेवंता. तिला तो अक्का म्हणे. अक्काला नऊ मुलं. अक्का आणि तिचा नवरा मुलांना शाळेत धाडत नसत, घरीच शिकवत. स्वयंपाकघरात गणित, गोठ्यात विज्ञान, आणि भांडण सोडवताना नागरिकशास्त्र. घर छान चाललं होतं. फक्त झोपायला जागा कमी पडे.

हे सगळं अक्काच्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, बिलकुल पसंत नव्हतं. आबा पेन्शनीत निघालेले हेडमास्तर. तालुक्याला त्यांची स्वतःची बोर्डिंगची शाळा होती. त्यांनी निरोप धाडला, "पुढच्या आठवड्यात येतो. पोरांना काही येत नसेल तर नऊच्या नऊ बोर्डिंगात घालीन."

 अक्काचा नवरा कामासाठी परगावी होता. तिने भावाला बोलावून घेतलं.

"हिरामण, मला एकटीला आवरंना. मी सांगते तेवढं पोरांना शिकव. विसरू नको म्हंजे झालं."

"बरं अक्का," मामा म्हणाला आणि लक्षात राहावं म्हणून त्याने उपरण्याला गाठ मारली.

पहिल्या दिवशी अक्का म्हणाली, "जेवायला वाढताना पोळीवर अपूर्णांक शिकव."

मामाने एक पोळी घेतली. अर्धी केली. अर्धीची पाव केली. पावाचे दोन केले, त्या दोनांचे चार. शेवटी एकेकाच्या ताटात नखाएवढा तुकडा पडला. बाकीच्या पोळ्या त्याने शिंकाळ्यात ठेवून दिल्या. नऊ मुलांनी एकदम गळा काढला. अक्का धावत आली.

"अरं, उपाशी पोटी कुणी शिकतंय का? आधी पोटभर खाऊ घालायचं, मग शिकवायचं!"

"बरं अक्का," मामा म्हणाला आणि उपरण्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी अक्काने भुईमुगाचं बियाणं काढलं. "परसात वाफा केलाय. बी कसं पेरतात ते पोरांना दाखव."

मामाने मुलांना ओळीत बसवलं आणि सगळं बियाणं पोटभर खाऊ घातलं. वर गूळही दिला. मग सगळ्यांना वाफ्यापाशी नेलं आणि म्हणाला, "हं, पेरा आता."

मुलांनी हात झटकून दाखवले. धाकटी ठमी तर ढेकर देऊन मोकळी झाली.

अक्काने कपाळावर हात मारला. "अरं बाबा, आधी मातीत पुरायचं असतं! रोज पाणी घालायचं आन् धीरानं वाट बघायची."

"बरं अक्का." गाठ.

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "आज पोरांना घड्याळ शिकव."

मामाने भिंतीवरचं घड्याळ काढलं, वाफ्यात पुरलं आणि मुलांकडून वर झारीभर पाणी घालून घेतलं. सगळे धीराने वाट बघत बसले. थोड्या वेळाने जमिनीतून ठण ठण ठोके ऐकू आले.

"उगवतंय!" मामा आनंदाने ओरडला.

नंतर मात्र ते उगवलंही नाही आणि वाजलंही नाही. अक्काने उकरून काढलं तेव्हा काट्यांवर गांडूळ बसलं होतं.

"हिरामण, तुझ्यापुढं हात टेकले! ते भिंतीला टांगायचं असतं, सगळ्यांना दिसंल असं. आन् खाली बसून बघायचं."

"बरं अक्का." गाठ.

चौथ्या दिवशी अक्का दमून म्हणाली, "आज शेळी शिकव. ती काय खाती, कशी राहती, एवढंच. त्यात काय बिघडायचंय?"

मामाने जुन्या लुगड्याची झोळी केली, शेळी तीत घातली आणि झोळी भिंतीच्या खुंटीला टांगली. सगळ्यांना दिसेल अशी. मुलं खाली बसून वर बघू लागली. शेळीही खाली बघू लागली. मग तिने लेंड्या टाकल्या. त्या थोरल्या मंजिरीच्या वेणीत अडकल्या.

मंजिरीच्या किंकाळीने अक्का आली. तिने शेळी उतरवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "अरं, जित्या जिवाला मोकळं फिरू द्यायचं. आपण मागं मागं जायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, नुसतं बघायचं. बघून झालं की गोठ्यात बांधायचं आन् पुढ्यात कडबा टाकायचा. आलं का ध्यानात? उद्या आबा यायचेत रं. माझी पोरं जातील!"

"नाही जायची अक्का. बघ, केवढी गाठ मारली."

पाचव्या दिवशी अक्का दळण घेऊन गिरणीवर गेली. तिथे ही रांग. आणि नेमके आबा सकाळच्याच एसटीने येऊन पोचले. पांढरी टोपी, हातात काठी, कपाळाला आठी.

मामाला वाटलं, अक्का नाही म्हणून काय झालं, शिकवणी बुडता कामा नये. तो म्हणाला, "पोरांनो, आज आपण आजोबा शिकायचे."

आबा ओसरीवर बसले. समोर नऊ मुलं आणि मामा उभे राहिले.

"सतराचा पाढा म्हण," आबा मंजिरीला म्हणाले.

मामाने ओठांवर बोट ठेवलं. मंजिरी गप्प.

"बरं, आपल्या तालुक्याचं नाव सांग."

सगळे गप्प. आबा वैतागून उठले आणि परसात गेले. दहाही जण मागे मागे परसात. आबा संडासात गेले. दहाही जण दाराशी उभे. आतून आबा म्हणाले, "कोण आहे रे बाहेर?" बाहेर चिडीचूप. आबांना तिथेही सुख लागेना. ते घाईघाईने बाहेर आले, स्वयंपाकघरात शिरले, इकडेतिकडे पाहिलं आणि डब्यातला गुळाचा खडा तोंडात टाकला. दाराच्या फटीत एकाखाली एक अशी डोक्यांची उतरंड होती. ती आबांना दिसली नाही.

मग आबा ओसरीतल्या खाटेवर आडवे झाले आणि घोरू लागले.

"बघून झालं," मामा कुजबुजला. सगळ्यांनी मिळून खाट उचलली आणि गोठ्यात नेली. मामाने गाठींचं उपरणं आबांच्या कमरेला बांधलं, दुसरं टोक दावणीला अडकवलं आणि पुढ्यात कडबा टाकला.

अक्का दळण घेऊन आली तेव्हा गोठ्यातून डरकाळ्या ऐकू येत होत्या. ती धावली. आबा शेळीशेजारी उभे होते आणि लालबुंद झाले होते.

"सूनबाई! हे शिक्षण? आजच्या आज नऊच्या नऊ बोर्डिंगात!"

 अक्काच्या हातातला पिठाचा डबा कलंडला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तेवढ्यात ठमी पुढे आली.

"आई, आजोबा कडबा खात नाहीत."

"गप बस गं."

"ते गूळ खातात. चोरून. आजी म्हणते ना, डॉक्टरनं बंद केलाय? आजीला सांगू?"

 शेळीने रवंथ थांबवलं. आबा खाकरले.

"सूनबाई," ते मऊ आवाजात म्हणाले, "पोरांची नजर चांगली तयार झाली आहे हो. शिकू देत घरीच. फक्त ते गुळाचं घरातल्या घरात राहू दे."

अक्काने डोळे पुसले. तिला हसू आवरेना.

"पण हा ठोंब्या माझ्या शाळेत येणार," आबांनी मामाकडे काठी रोखली. "याला मी पहिल्यापासून शिकवतो."

अक्काने आबांना सोडवलं, भावाचं गाठोडं बांधलं आणि त्याला बाजूला घेतलं. "हिरामण, एवढं एक शेवटचं ऐक. माणसाला असं कोंडून, बांधून ठेवायचं नसतं रं. दार उघडायचं, हातात दशमी द्यायची, एसटीत बसवायचं आन् त्याच्या घरी पोचतं करायचं."

"बरं अक्का." उपरण्याला आता गाठ मारायला जागा नव्हती. त्याने धोतराच्या सोग्याला मारली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला आबांनी शाळा उघडली. मामा पहिलीच्या बाकड्यात मावेना, म्हणून त्याला फाटकाशी बसवलं आणि कुलपाची किल्ली त्याच्या हातात दिली. "मी जरा कचेरीत जाऊन येतो. तोवर पोरांकडे बघ."

मामाने पोरांकडे बघितलं. पोरं कोंडलेली होती.

संध्याकाळी आबा परतले. फाटक सताड उघडं होतं. वर्ग रिकामे, खोल्या रिकाम्या, पायरीवर एकटा मामा.

"पोरं कुठं गेली रे?"

"घरी."

"घरी? कशाला?"

"शिकायला," मामा म्हणाला. त्याने सोग्याची गाठ सोडली, आतून एक दशमी काढली आणि आबांच्या हातावर ठेवली. "तुमचीच एक राहिली होती. चला आबा, शेवटची एसटी उभी आहे."