हत्तीचा पाय आणि राजाचं छप्पर

राजा दुर्जयसिंहाचा लाडका हत्ती भीमबहाद्दर सिदू कुंभाराच्या मातीच्या खड्ड्यात पडला आणि त्याचा पाय मुरगळला. माहूत झाडाखाली घोरत होता, हत्ती साखळीविना हिंडत होता आणि खड्डा सिदूच्या स्वतःच्या रानात होता. साहजिकच गुन्हेगार सिदू ठरला.

फिर्यादी राजा, न्यायाधीशही राजाच. तेवढाच वेळ वाचतो. सिदू दरबारात हात जोडून उभा राहिला. बोलायला पुढे आली त्याची मुलगी हौसा. वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसायची कला गावाने सगळ्या पोरींना शिकवली होती. तो धडा झाला त्या दिवशी ही बहुधा चिखल तुडवत असावी.

उघडा खड्डा ठेवणं हा गुन्हा आहे, असा कायदा कधी झाला, तिने विचारलं. राजपंडित हरिहरशास्त्र्यांनी दाढी कुरवाळत सांगितलं, आज सकाळी. खड्डा पाच वर्षांपूर्वीचा होता. पण चांगला कायदा मागचंही बघतो, असं शास्त्रीबुवांचं मत पडलं. म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना तनखा त्याचाच होता.

मग आमच्या रानात हत्ती न विचारता शिरला कसा, हौसाने पुढचं विचारलं. शास्त्रीबुवा म्हणाले, राज्यातली कणन् कण माती राजाची, तेव्हा हत्ती आपल्याच घरात फिरत होता.

राजाला हे इतकं आवडलं की त्याने तिथल्या तिथे हुकूम लिहवून घेतला आणि वर राजमुद्रा उठवली.

"उद्या सूर्य मावळायच्या आत खड्डा बुजव, पोरी. बाहेरचं एक ढेकूळ चालणार नाही. तुझ्या बापाने माझी जी माती उपसली, तीच परत भर. नाहीतर रान जप्त, चाकही जप्त."

सिदू घरी येऊन चाकाला टेकून बसला. पाच वर्षांची माती! तिची मडकी झाली, पणत्या झाल्या, निम्म्या फुटून उकिरड्यावर गेल्या. चाक गेलं तर खायचं काय? हौसाने त्याला एवढंच विचारलं, की सगळ्यात जास्त माती कशाला लागली. सिदूने सांगितलं, आणि सांगता सांगता त्याचाच आ वासला.

दुसऱ्या दिवशी राजा जेवून आडवा झाला, तर थेट कपाळावर ऊन आलं. वर पाहतो तो छपराला भलंमोठं भोक, आणि भोकात हौसा. खाली कुंभारवाड्यातल्या बायका कौलं झेलून पाट्यांत रचत होत्या. पहारेकऱ्यांनी तिच्या हातातल्या हुकुमावरची राजमुद्रा पाहिली होती. पुढचं वाचायची त्यांना सवय नव्हती.

राजा अंगणात धावला, मागोमाग शास्त्रीबुवा.

"माझ्या छपराला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, महाराज." हौसाने एक कौल पुढे धरलं. "ही बघा आबांच्या अंगठ्याची खूण. खड्ड्यातली निम्मी माती तुमच्या डोक्यावर आहे. शिडी आणलीय, बैलगाडी आणलीय. अंधार पडायच्या आत उरकते."

"खबरदार! ही कौलं माझी आहेत. रोख मोजून विकत घेतलीत मी."

"कुणाकडून?"

"तुझ्या बापाकडून."

"मातीचा कणन् कण तुमचा ना? मग स्वतःचीच माती विकत कशाला घेतलीत?"

राजाने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवा ढगांकडे पाहत होते. आकाश निरभ्र होतं.

"माती तुमची असेल, तर मी छप्पर उतरवते," हौसा म्हणाली. "आणि आबांची असेल, तर खड्डाही त्यांचा, रानही त्यांचं. मग तुमचा हत्ती तिथे कुणाला विचारून आला, तेवढं सांगा. सावकाश सांगा, मी वर बसलेय."

आपल्याच हुकुमाने उघड्या पडलेल्या छपराकडे राजाने पाहिलं. मग त्याचं पोट हलायला लागलं आणि तो इतका हसला की त्याला शिडीला धरून उभं राहावं लागलं.

त्याने हुकूम फाडला. सिदूच्या रानात न विचारता राजानेसुद्धा पाऊल ठेवायचं नाही, असं ताम्रपटावर कोरून दिलं. पाय बरा झाल्यावर भीमबहाद्दरने वर्षभर कुंभारवाड्याचा चिखल तुडवावा, हेही ठरलं.

"आणि छप्पर?" हौसाने खाली उतरत विचारलं.

राजाने शिडी शास्त्रीबुवांच्या हाती दिली.